अतिवास्तववादाची ओळख: पुस्तिका आणि रविवारच्या बैठका, कामाच्या नोंदी

८ जून २०२५

आजपासून नोंदी ठेवतेय. आमच्या गल्लीतल्या वाचनालयासाठी सर्रिअलिझमची, म्हणजे गेल्या शतकात पॅरिसमध्ये उभ्या राहिलेल्या कला-साहित्यातल्या चळवळीची, ओळख करून देणारी चाळीसेक पानांची पुस्तिका करायची आणि तिच्यासोबत पाच-सहा रविवार बैठका घ्यायच्या असं ठरलंय. ग्रंथपाल काकांनी वरची खोली दिलीय, दोन पंखे, चार बाकं, एक फळा. चित्रकला शिकवणारा मित्र हाताने करायच्या गोष्टी बघणार आणि लिखाणाचं मी.

पहिली अडचण नावाचीच. मराठीत शब्द आहे अतिवास्तववाद, बरोबरच आहे तो, पण 'अति' म्हटलं की आपल्या कानाला आधी 'माती' ऐकू येते, म्हणजे प्रमाणाबाहेर गेलेलं, जास्त झालेलं काहीतरी. मूळ फ्रेंच शब्दातला 'स्यूर' म्हणजे वर, वरचं. आणि बरेचजण अतिवास्तव नि अवास्तव यात गल्लत करतात, अवास्तव म्हणजे खरं नसलेलं, आणि ही चळवळ चालवणाऱ्यांचं म्हणणं तर बरोबर उलटं होतं की स्वप्नसुद्धा खरंच आहे, ते बाजूला काढून तुम्ही जे उरवता ते वास्तव अर्धंच आहे, दोन्ही एकत्र आलं की जे पूर्ण होतं ते हे. हल्ली काहीही विचित्र दिसलं, रिकामा रस्ता, धुकं, की पोरं म्हणतात 'एकदम सर्रिअल'. ते चुकीचं आहे असं नाही, पण पातळ झालंय. कव्हरवर अतिवास्तववाद ठेवू, आत सर्रिअलिझम लिहू, आणि पहिल्या पानावर हा 'अति'चा घोळ सांगून टाकू.

१५ जून

पहिलं प्रकरण कुठून सुरू करायचं यातच आठवडा गेला. सगळे चित्रकार दालीच्या वितळलेल्या घड्याळांपासून सुरू करतात. मला ते नकोय, कारण तिथून सुरुवात केली की वाचणाऱ्याच्या मनात बसतं की ही विचित्र चित्रं काढायची एक स्टाइल आहे, आणि पुढे कितीही सांगितलं तरी ते जात नाही.

मी सुरुवात करतेय १९१६ मधल्या एका लष्करी हॉस्पिटलपासून. पूर्व फ्रान्समध्ये सँ-दिझिए म्हणून गाव आहे, पहिल्या महायुद्धात आघाडीवर डोक्यावर परिणाम झालेल्या सैनिकांना तिथे आणायचे. पुढे ही चळवळ उभी करणारा आंद्रे ब्रतों तेव्हा वीस वर्षांचा, मेडिकलचा विद्यार्थी, तिथे कामाला. फ्रॉइडच्या पद्धतीची ओळख त्याला तिथे झाली, म्हणजे रुग्णाला मनात येईल ते बोलू द्यायचं, स्वप्नं सांगू द्यायची, आणि मध्ये न पडता ते टिपून घ्यायचं. तिथे एक सैनिक होता त्याची खात्री होती की हे युद्धच खोटं आहे, तोफगोळे नकली, जखमा रंगवलेल्या, आणि तो आघाडीवर खंदकाच्या कडेवर उभा राहून येणाऱ्या गोळ्यांकडे बोट दाखवायचा. ब्रतोंच्या डोक्यातून हा माणूस गेला नाही, १९१८ मध्ये त्याने त्या सैनिकाच्या तोंडी एक छोटा मजकूर लिहिला.

मला वाटतं सगळं इथे आहे. शहाणी माणसं, तर्काने चालणारी, गणिताने तोफा लावणारी, लाखांनी माणसं मारत होती आणि वेड्या ठरलेल्या एका माणसाला ते खोटं वाटत होतं. मग त्या तर्कावर आंधळा विश्वास का ठेवायचा? हा प्रश्न पुस्तिकेच्या पहिल्या दोन पानांत आला पाहिजे, नाहीतर पुढचे सगळे खेळ नुसते खेळ वाटतील.

'सर्रिअलिझम' हा शब्द ब्रतोंचा नाही. तो कवी गिय्योम अपोलिनेरने १९१७ मध्ये वापरला, आधी एका बॅलेच्या माहितीपत्रकात आणि महिन्याभराने स्वतःच्या नाटकाला. अपोलिनेर युद्धात डोक्याला जखम होऊन परत आलेला, आणि ९ नोव्हेंबर १९१८ ला स्पॅनिश फ्लूने गेला, युद्ध थांबायला दोन दिवस उरले होते.

१७ जून

'दादा' या आधीच्या कलाचळवळीवर एकच परिच्छेद ठेवतेय. झुरिच, १९१६, काबारे व्होल्तेर, ह्यूगो बाल, त्रिस्तान झारा, सगळं मोडून टाका म्हणणारे. मोडण्याची ताकद सर्रिअलिस्टांनी तिथून घेतली पण त्यांना नुसतं मोडायचं नव्हतं. बास एवढंच.

त्यापेक्षा जास्त जागा १९२४ च्या ऑक्टोबरला. त्या महिन्यात ब्रतोंचा जाहीरनामा आला, आणि पॅरिसमध्ये ग्रनेल रस्त्यावर १५ नंबरला त्यांनी चक्क ऑफिस उघडलं, सर्रिअलिस्ट संशोधनाचं. लोकांनी यावं, आपली स्वप्नं सांगावीत, विलक्षण योगायोग सांगावेत, कोणीतरी ड्यूटीवर बसून ऐकणार. आणि ते रोजची वही ठेवायचे, आज कोण बसलं, कोण आलं, काय झालं. हे वाचल्यापासून मलाही या नोंदी जरा जास्त नीट ठेवाव्याशा वाटायला लागल्यात.

जाहीरनाम्यातली व्याख्या माझ्या शब्दांत अशी बसवलीय: विचार खरोखर जसा चालतो तसा तो बोलून, लिहून किंवा कसाही बाहेर आणायचा, बुद्धीची देखरेख नाही, सुंदर दिसेल का बरं दिसेल का याची फिकीर नाही. तिथल्या 'ऑटोमॅटिक' शब्दाला पुस्तकी मराठीत स्वयंचलित म्हणतात, पण स्वयंचलित म्हणजे मला जिना किंवा दरवाजा दिसतो, यंत्र दिसतं. मी 'आपसूक लेखन' म्हणणार आहे. आपसूकमध्ये माणूस आहे.

२२ जून

चित्रं छापायची का यावर आज निर्णय. आपल्याकडे लेखक-चित्रकार गेल्यावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. चित्रकार माग्रीत १९६७ ला गेला, म्हणजे २०२७ संपेपर्यंत नाही. दाली १९८९ ला, म्हणजे २०४९. ब्रतों १९६६, त्याचा मजकूर २०२७ च्या जानेवारीपासून मोकळा. उलट कवी एलुआर १९५२ ला गेला, देस्नोस १९४५ ला, त्यांच्या कविता मोकळ्या आहेत, अनुवाद करून छापता येतील.

म्हणजे कविता छापू आणि चित्रं शब्दांत सांगू. मित्राचा चेहरा पडला. पण संध्याकाळी मी मावशीला फोन लावला, तिने यातलं एकही चित्र बघितलेलं नाही, आणि तिला माग्रीतचं एक चित्र सांगितलं. शहरातली साधी घरं, लाल कौलं, निळसर आकाश, आणि त्या आकाशात सगळीकडे काळे ओव्हरकोट नि गोल कडक टोप्या घातलेली माणसं, एकसारख्या अंतरावर, ताठ, हातपाय न हलवता.

मावशी म्हणाली, "पडतायत का वर चाललेत?"

मी म्हटलं, तेच तर कळत नाही गं.

"मग लटकलेत," म्हणाली, "कपड्यांसारखे." आणि थोडं थांबून, "खिडक्या उघड्या आहेत का बंद?"

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. फोन ठेवून चित्र परत बघितलं. चित्र छापलं असतं तर लोकांनी तीन सेकंद बघून पान उलटलं असतं, सांगितलं की त्यांना ते स्वतःच्या डोक्यात बांधावं लागतं. आणि माग्रीत सांगता येतो, कारण तो रंगवतोच असा साधा, जणू शाळेतला तक्ता, ब्रशचा फटकारा नाही की नाट्य नाही. काही काळ तो वॉलपेपरच्या कारखान्यात डिझाइन करायचा. विचित्रपणा सगळा मांडणीत, हातात नाही.

त्या चित्राचं नाव 'गोलकोंडा', १९५३ चं, आता ह्यूस्टनला आहे. नाव सुचवलं त्याच्या कवी मित्राने, लुई स्क्युतनेरने, आपल्या हैदराबादजवळच्या, हिऱ्यांच्या त्या गोवळकोंड्यावरून. आकाशात माणसं आणि नाव एका उजाड किल्ल्याचं. कशाचा कशाशी संबंध नाही आणि तरी नाव एकदा ऐकलं की दुसरं नाव सुचत नाही.

पाइपचं चित्र पण घेतोय, १९२९, पाइप काढून खाली लिहिलंय की हा पाइप नाही. तो खरंच पाइप नाही, पाइपचं चित्र आहे, तंबाखू भरून बघा. यावर अर्धं पान पुरे, यावर जगात फार लिहून झालंय.

२९ जून

पहिली बैठक. चौदा जण आले. निवृत्त शिक्षिका बाई, कॉलेजच्या तीन मुली, शिंपीकाम करणारे काका, एक मेडिकल दुकानवाले, बाकी वाचनालयाचे नेहमीचे.

आपसूक लेखन. आधी सांगितलं की १९१९ मध्ये ब्रतोंला झोप लागता लागता एक वाक्य ऐकू आलं, खिडकीने मधोमध कापलेल्या माणसाबद्दल, आणि त्यावरून त्याने नि त्याच्या कवी मित्राने, फिलिप सुपोने ठरवलं की असं वाक्यांमागून वाक्यं येऊ द्यायची आणि लिहीत सुटायचं, दिवसाला आठ-आठ दहा-दहा तास, वेग बदलून बदलून. त्याचं पुस्तक १९२० मध्ये निघालं, 'चुंबकीय क्षेत्रं'.

दहा मिनिटं दिली. पहिल्या फेरीत सगळ्यांनी निबंध लिहिला. पाऊस, मातीचा वास, बालपण, नीट परिच्छेद पाडून, शिक्षिका बाईंनी तर शेवटी तात्पर्य पण लिहिलं. मी काही बोलले नाही, फक्त म्हटलं आता दुप्पट वेगाने, वाचायचं नाही, खोडायचं नाही, पेन उचलायचा नाही.

दुसऱ्या फेरीत एक गोष्ट झाली जी मला कुठल्या पुस्तकात मिळाली नसती, कारण ती फ्रेंचमध्ये होणारच नाही. वेग वाढला तशा शिरोरेषा गेल्या. आधी शब्दाशब्दावर रेघ मारणारे लोक रेघ सोडून नुसती अक्षरं लिहायला लागले आणि मग शब्द कुठे तुटतो तेच कळेना. वाचताना 'कानातले' होतं की 'का नातले', कोणालाच सांगता येईना, लिहिणाऱ्यालाही नाही. एका मुलीने स्वतःचंच अक्षर वाचून दाखवताना वेगळंच काहीतरी वाचलं आणि ते लिहिलेल्यापेक्षा चांगलं होतं. पुस्तिकेत घालायचं: शिरोरेषा सोडा. मराठीत आपसूक लिहायचं तर आधी तो पहारेकरी घरी पाठवा.

दुसरं, जाहीरनाम्यात ब्रतोंने एक युक्ती दिलीय, मध्येच तंद्री तुटली, वाक्य जरा जास्तच शहाणं वाटायला लागलं तर एक अक्षर लिहायचं, समजा 'एल', दर वेळी तेच, आणि पुढचा शब्द त्या अक्षराने सुरू करून परत निघायचं. आम्ही ज्याला जे आवडेल ते अक्षर घ्यायला सांगितलं. मेडिकलवाल्यांनी ळ घेतला. आणि अडकले! मराठीत ळ ने शब्दच सुरू होत नाही. पण ते थांबले नाहीत, ळ लिहून गप्प बसायचे आणि मग दुसरीकडून सुरुवात, त्यांच्या पानात पाच-सहा ठिकाणी नुसता ळ उभा आहे, मोकळ्या जागेत, दारात अडलेल्या पाहुण्यासारखा. मला ते पान फार आवडलं. त्यांच्याकडून मागून घेतलंय, पुस्तिकेत छापायची परवानगी दिली.

६ जुलै

आज आषाढी, बैठक नाही. पण दुपारी शिक्षिका बाई साबुदाण्याची खिचडी घेऊन घरी आल्या आणि दारातच म्हणाल्या, "अगं, तुमचा हा ब्रतों आत्ता आला. आमची मुक्ताई सातशे वर्षांपूर्वी म्हणून गेली, मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी."

मला माहीत होतं हे कोणीतरी म्हणणार. आणि खरं सांगायचं तर मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं, माशी व्याली घार झाली, वांझेला मुलगा झाला, काट्याच्या अणीवर वसलेली तीन गावं, हे सगळं आपल्याकडे आहेच की. दीड तास बोललो आम्ही. मी म्हटलं, बाई, मुंगी म्हणजे काय? त्या लगेच म्हणाल्या, जीव, सूक्ष्म झालेला जीव, आणि सूर्य म्हणजे ज्ञान, कोणी अहंकार म्हणेल. म्हटलं हेच. कूट अभंगात कुलूप आहे आणि किल्लीही आहे, गुरूकडे आहे, परंपरेत आहे, कीर्तनकार ती फिरवून दाखवतो आणि श्रोता अहाहा म्हणतो. सर्रिअलिस्ट प्रतिमेला किल्लीच नाही. किल्ली करायला गेलात की ती मरते. तिथे मुंगीने सूर्य गिळला म्हणजे मुंगीने सूर्य गिळला, आता तिच्या पोटात उजेड आहे, पुढे काय होतं बघू.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पण अर्थ कळायच्या आधी, लहानपणी, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही मुंगीच दिसली होती. काळी. आणि सूर्य अर्धा आत गेलेला."

याला माझ्याकडे उत्तर नाही आणि मला उत्तर द्यायचंही नाही. पुस्तिकेत हे संभाषण जसंच्या तसं घालतेय. आपल्याकडे सगळं आधीच होतं हे म्हणणं आळशीपणाचं आहे असं माझं ठाम मत आहे, पण अर्थ सांगणारा येण्याआधीच्या त्या मुलीला जे दिसलं ते ब्रतोंच्या फार जवळ आहे.

१३ जुलै

आजची बैठक सगळ्यात मोठी. चिठ्ठ्यांचा खेळ.

मूळ असा: १९२५ च्या सुमारास पॅरिसमध्ये शातो रस्त्यावरच्या ५४ नंबरच्या घरात ईव्ह तांगी, जाक प्रेव्हेर, मार्सेल द्युआमेल हे कलावंत-लेखक मित्र राहायचे, ब्रतों वगैरे तिथे जमायचे. कागदावर एकाने नाम लिहायचं, घडी घालायची, दुसऱ्याने न बघता विशेषण, मग क्रियापद, मग कर्म, त्याचं विशेषण. आपण लहानपणी कोण, कुठे, कोणाबरोबर, काय करत होतं अशा चिठ्ठ्या करायचो तोच प्रकार, त्यांनीही तो घरगुती खेळातूनच उचलला. पहिलं वाक्य निघालं ते साधारण असं, नजाकतदार प्रेत नवी वाइन पिईल. त्यावरून खेळाचंच नाव 'नजाकतदार प्रेत' पडलं.

गेल्या आठवड्यात घरी करून बघितलं तर मराठीत पार फसला. 'मोठा', घडी, 'खिडकी'. 'निळं', घडी, 'बाप'. फ्रेंचमध्ये लिंगं दोन, आपल्याकडे तीन, आणि विशेषण आधी येतं, म्हणजे पुढे काय येणार ते माहीत नसताना लिंग ठरवायचं. वाचताना दुरुस्त करता येतं पण दुरुस्त करायला गेलं की सगळे व्याकरणावर भांडायला लागतात आणि वाक्याची जादू जाते. भूतकाळात तर आणखी गोंधळ, 'ने' लावा, मग क्रियापद कर्माच्या मागे जातं, पाव खाल्ला, पोळी खाल्ली, लिहिणाऱ्याला कर्म दिसतच नाही तर तो काय लिहिणार.

तीन रात्री यावर घालवल्या आणि मग नियम सापडले. एक, विशेषणं फक्त न बदलणारी: कडू, जड, मऊ, थंड, चौकोनी, ओसाड, बेवारस, लाल. दोन, नामं एकवचनी, आणि कर्म निर्जीव, म्हणजे 'ला' लागत नाही. तीन, आणि हे सापडलं तेव्हा मी एकटीच टाळी वाजवली, क्रियापद भविष्यकाळात. तो गिळेल, ती गिळेल, ते गिळेल. आपल्या भविष्यकाळाला तिसऱ्या पुरुषात लिंगच नाही! आणि मूळ फ्रेंच वाक्यसुद्धा भविष्यकाळातलंच आहे, पिईल. त्यांचं कारण वेगळं असेल, पण दोन्ही भाषांतली वाट एकाच काळात येऊन मिळाली याचा मला फार आनंद झाला.

आज वरच्या खोलीत तीन गट, पाच-पाच चिठ्ठ्या. पहिलंच वाक्य, मऊ तलाठी ओसाड लोणचं मोजेल. खोली हसून हसून वेडी. मग, चौकोनी आत्या कडू पाऊस शिवेल. परत हसू, पण थोडं कमी, कारण शिंपी काका म्हणाले, "पाऊस शिवता येईल, उसवलेला असतोच." आणि मग एका मुलीने उलगडून वाचलं, बेवारस जिना थंड आडनाव गिळेल.

कोणी हसलं नाही. पंख्याचा आवाज येत होता. शिक्षिका बाईंनी वही काढली आणि वाक्य लिहून घेतलं. पाच जणांपैकी कोणाच्याच मनात हे नव्हतं, कोणीही ते लिहिलेलं नाही, आणि तरी ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला काहीतरी म्हणत होतं. मला सर्रिअलिझम म्हणजे काय ते एका वाक्यात विचारलं तर मी व्याख्या सांगणार नाही, ती मिनिटभराची शांतता सांगेन. त्या लोकांना हेच हवं होतं, कवी म्हणजे कोणी खास माणूस नाही, नीट पद्धत हातात द्या आणि घाबरवू नका, कोणाकडूनही येतं.

शेवटी कवी लोत्रेआमोंची ती प्रसिद्ध उपमा सांगितली, सर्रिअलिस्टांनी डोक्यावर घेतलेली, शवविच्छेदनाच्या टेबलावर शिलाई मशीन आणि छत्री यांची अचानक भेट व्हावी तसं सुंदर. हा लोत्रेआमों जन्माने माँतेव्हिदेओचा, १८७० मध्ये पॅरिसला चोविसाव्या वर्षी गेला, ब्रतोंच्या मंडळींनी त्याला पन्नास वर्षांनी शोधून काढला. शिंपी काका म्हणाले, "यात अचानक काय? पावसाळ्यात गिऱ्हाईक रोज माझ्या मशीनवर ओली छत्री ठेवतं." आणि मग, "टेबल बदललं म्हणून झालं ते. मशीन-छत्रीने नाही."

इतकी वर्षं ही ओळ वाचतेय आणि सगळं वजन त्या टेबलावर आहे हे मला आज कळलं. दोन लांबच्या वस्तू एकत्र आणल्या की झालं असं नाही, कुठे आणल्या ते महत्त्वाचं.

२० जुलै

आजची बैठक मित्राची. घासून काढायची चित्रं. चित्रकार मॅक्स एर्न्स्ट १९२५ च्या ऑगस्टमध्ये पोर्निक नावाच्या समुद्रकाठच्या गावी हॉटेलात होता, पाऊस, बाहेर जाता येईना, आणि घासून घासून झिजलेल्या लाकडी फरशीच्या रेषांकडे बघत राहिला. मग कागद टाकले नि वरून शिसं घासलं. त्यातून जंगलं, पक्षी, डोळे निघाले, पुढच्या वर्षी त्याचा संचच निघाला. नाणं कागदाखाली ठेवून पेन्सिल घासणं प्रत्येकाने शाळेत केलेलं आहे, एर्न्स्टने फक्त तिथे न थांबता जे उमटलं त्यात काय दिसतंय ते बघितलं.

घरातून वस्तू आणायला सांगितलं होतं. सूप, किसणी, चटई, रोवळी, आणि एका बाईंनी चक्क पाटा आणला, रिक्षाने. नुकती टाकी लावून घेतलेला. शहाबादी फरशीवर काहीच उमटलं नाही, गुळगुळीत, पण पाट्यावरच्या टाक्यांचा जो पाऊस कागदावर आला तो बघून सगळे उठून आले. सुपाच्या विणीतून एकाला भात लावलेलं शेत दिसलं आणि त्याने तिथे एक बगळा काढला. मित्र म्हणाला बगळा नको होता, शेत पुरे होतं. मलाही तसंच वाटलं पण ज्याला दिसला त्याला दिसला.

कागदाबद्दल: कार्डशीट बिनकामाचा, न्यूजप्रिंट उत्तम, मेणाचा खडू पेन्सिलीपेक्षा बरा.

२७ जुलै

दालीची पानं आठवरून तीनवर आणली. वितळलेली घड्याळं राहतील, १९३१, आणि मुख्य म्हणजे त्याचं माप, २४ बाय ३३ सेंटीमीटर, ए-फोर कागदापेक्षा जेमतेम मोठं, लोकांना ते भिंतभर वाटतं. आणि एअर इंडियाची गोष्ट, कारण ती आपली आहे: १९६७ मध्ये एअर इंडियाने त्याच्याकडून अॅशट्रे करून घेतला, हत्ती आणि हंस असे की उलटा धरला तर हत्तीचा हंस नि हंसाचा हत्ती होतो. मोबदल्यात त्याने हत्तीचं पिल्लू मागितलं आणि त्यांनी ते बेंगळुरूहून विमानाने जिनिव्हापर्यंत नि पुढे ट्रकने त्याच्या गावी पाठवलं. मुंबईच्या ऑफिसात यासाठी कोणीतरी फाइल हलवली असेल. बिचाऱ्या पिल्लाचं मला वाईट वाटतं.

मोकळी झालेली पाच पानं बायकांना. मेरेट ओपेनहाइमचा १९३६ चा कप, बशी, चमचा, तिन्हीला हरणाची फर लावलेली, ती तेव्हा २२ वर्षांची. बैठकीत नुसतं सांगितलं, डोळे मिटा आणि त्या कपातला चहा प्या, तर दोघींनी तोंडावर हात घेतला. चित्र दाखवावंही लागलं नाही. लिओनोरा कॅरिंग्टन, युद्धात स्पेनमध्ये वेड्यांच्या हॉस्पिटलात डांबलेली, तिथून सुटून पुढे मेक्सिकोला गेली, आयुष्याचा बराचसा काळ तिथे चित्रं काढली आणि २०११ मध्ये तिथेच वारली. फ्रीडा कालो, जिला ब्रतोंने आपल्यात ओढलं आणि तिने सांगितलं की मी स्वप्नं रंगवत नाही, माझं वास्तव रंगवते. ब्रतोंच्या गटात बायकांना प्रेरणा, वेडी, परी असं सगळं म्हणायचे, बरोबरीची कलावंत म्हणायला कचरायचे. सैल मनाची एवढी भाषा करणारे पुरुष इथे मात्र फार जुने निघाले आणि हे लिहायचंच असं ठरवलंय.

३ ऑगस्ट

मराठीत कोण, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. माझी भीती ही की यादी केली की प्रत्येक अवघड कवी त्यात घुसतो. मर्ढेकर नवे आहेत, पण सर्रिअलिस्ट नाहीत, त्यांच्या ओळींवर बुद्धीची पकड घट्ट आहे. कोलटकरांच्या सुरुवातीच्या मराठी कवितांबद्दल समीक्षकांनी सर्रिअलिझमचं नाव घेतलंय आणि मला ते पटतं, जे. जे. मधून आलेला, जाहिरातींत डिझाइन करणारा माणूस, त्यांच्या प्रतिमा कापून चिकटवल्यासारख्या धारदार असतात.

आणि प्रभाकर बरवे. त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, किल्ली, सेफ्टी पिन अशा वस्तू कोऱ्या जागेत सुट्या असतात, एनॅमल पेंटमध्ये, सावली एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे. त्यांना सर्रिअलिस्ट म्हणणं मला बरोबर वाटत नाही, त्यांच्यात दचकवणं नाही, शांतता आहे. पण माग्रीत समजला की बरवे जवळचे वाटतात, आणि 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं मराठी पुस्तक वाचलं की कळतं की वस्तूकडे इतका वेळ बघणारा माणूस आपल्या भाषेत लिहून गेलाय. दोन पानं त्यांना.

१० ऑगस्ट

अनुवाद. एलुआरची ओळ, पृथ्वी निळी आहे संत्र्यासारखी. १९२९ ची. मराठीत आपसूक बसली. मुली म्हणाल्या संत्रं निळं कसं, आणि पाटा आणणाऱ्या बाई म्हणाल्या, "ठेवलं चार दिवस विसरून की येते निळी बुरशी." त्याच्या पुढच्याच ओळीत तो म्हणतो की यात चूक नाही, शब्द खोटं बोलत नाहीत. बाईंना ती ओळ माहीत नव्हती.

उरलेली संध्याकाळ देस्नोसमध्ये. १९२२ मध्ये ही मंडळी संमोहनासारख्या झोपेचे प्रयोग करायची तेव्हा झोपेत सगळ्यात सहज बोलणारा हा. पुढे ब्रतोंशी फाटलं, रेडिओवर काम केलं, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये प्रतिकारात होता, फेब्रुवारी १९४४ मध्ये पकडला. आउश्वित्झ, बुखेनवाल्ड आणि पुढे, शेवटी तेरेझीन. छावणी मुक्त झाल्यावर टायफसच्या रुग्णांत एका झेक विद्यार्थ्याने यादीत नाव बघून विचारलं, कवी देस्नोस माहीत आहे का? तो म्हणाला, मीच. ८ जून १९४५ ला गेला.

त्याची 'शेवटची कविता' म्हणून जी जगभर छापली ती प्रत्यक्षात १९२६ च्या त्याच्याच प्रेमकवितेचा शेवट होता, झेकमध्ये अनुवाद झालेला आणि झेकमधून परत फ्रेंचमध्ये आलेला. दोन भाषांतून फिरून आल्यावर तो इतका बदलला होता की फ्रेंच लोकांनाच ओळखू आला नाही. मूळ कविता सुरू होते, तुझी इतकी स्वप्नं पाहिली की तू खरी उरली नाहीस. फिरून आलेली संपते सावल्यांपाशी, सावल्यांमध्ये सावली होऊन राहण्यापाशी.

कुठली घ्यायची? दोन्ही घेतेय, समोरासमोरच्या पानांवर. आणि आत्ता मागे जाऊन बघितलं तर या नोंदी सुरू केल्या ती तारीख ८ जूनच आहे, बरोबर ८० वर्षांनी. तेव्हा माहीत नव्हतं. ग्रनेल रस्त्यावरच्या त्या ऑफिसात असली गोष्ट सांगायला गेले असते तर त्यांनी वहीत लिहून घेतली असती.

१७ ऑगस्ट

पुस्तिका आली. ४४ पानं, ६० प्रती, झेरॉक्सच, पण स्टेपल नीट बसलेत. ळ चं पान काळं आलंय थोडं. पान २९ वर 'अतिवास्तव' चं 'अवास्तव' झालंय, सगळ्या प्रतींत, पेनने दुरुस्त करत बसलो दोघं.

ग्रंथपाल काकांनी दोन प्रती नोंदवल्या आणि विचारलं, "कलेत ठेवू का साहित्यात?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यांनीच एक-एक दोन्हीकडे लावली.

गणपतीआधी एक रविवार अजून आहे, सगळ्यांना परत चिठ्ठ्याच खेळायच्यात. न बदलणाऱ्या विशेषणांची यादी अजून वाढवायला हवी, पन्नासच्या वर झाली असली तरी. आणि कोणीतरी जाड कागद आणा, गेल्या वेळच्या पातळ कागदातून घडीमागचं दिसत होतं.